नागपूरची बिअर आणि तिची मालकीण

मी नागपूरला बिअर प्यायला गेले होते. परत आल्यापासून हे वाक्य मी कोल्हापुरात ज्याला त्याला ऐकवते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. आमच्या गल्लीतल्या बायका आधी हसतात, मग इकडेतिकडे बघतात आणि मग हळूच विचारतात, कशी लागते हो? पुरुष मंडळी मात्र एकच प्रश्न विचारतात, मार्चात कुणी नागपूरला जातं का? लोक जातात ते थंडीत, संत्री खायला नाहीतर वाघ बघायला. मी ऊन तापायला लागल्यावर गेले, कारण वंदनाचा फोन आला होता.

वंदना माझी वसतिगृहातली मैत्रीण. अन्नतंत्रज्ञान शिकायला ती नागपूरहून थेट आमच्या भागात आली होती. शिकून झाल्यावर मी लोणच्या-मुरंब्यांत शिरले आणि तिथंच मुरले. ती एका बिअरच्या कारखान्यात लागली. मालक मराठी माणूस होता, स्वतः टाक्यांवर चढून बघणारा. तो थकला, कारखाना विकला गेला, मग घेणाऱ्यानंही विकला, आणि शेवटी तो समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कंपनीच्या पोटात गेला. बाटलीवरचं नाव तेच राहिलं, त्यामुळे पिणाऱ्यांना पत्ताच नाही. वंदनाला मात्र चिमूटभर काही बदलायचं तरी सातासमुद्रापार विचारावं लागायला लागलं. काही वर्षं तिनं ते सोसलं, मग राजीनामा दिला, नागपूरला परत गेली आणि उमरेड रस्त्यावर स्वतःचा छोटा कारखाना काढला.

फोनवर ती म्हणाली, "रविवारी माह्या बिअरची परीक्षा आहे वं शैला. तू ये. मले कोणीतरी माह्या बाजूचं पाहिजे."

आमच्या ह्यांना विचारलं, येता का? ते म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, आणि उन्हातलंही कळत नाही. मी एकटीच निघाले. पिशवीत कैरीचं लोणचं, आणि मनात वसतिगृहातून पळून सिनेमाला जाताना वाटायचं तसलं काहीतरी.

बेसा, शुक्रवार

वंदनाचं घर बेशाला आहे. नवीन वस्ती, निम्म्या इमारतींत माणसं राहायला आली आहेत आणि निम्म्यांत अजून फरशा कापण्याचा आवाज चाललाय. दारात तिनं मला मिठी मारली ती सोडेचना. केस पांढरे झाले आहेत, पण हसणं अगदी तेच, आधी खांदे हलतात आणि आवाज मागून येतो.

तिचे यजमान अनिलभाऊ उमरेडच्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. शांत, उंच माणूस. बायको बिअर बनवते आणि हे चहाखेरीज कशाला शिवत नाहीत. बिअरचा वास मात्र घेतात. नवीन पिंप तयार झालं की वंदना एक पेला त्यांच्या नाकाखाली धरते आणि ते डोळे मिटून सांगतात, जमली किंवा नाही जमली. ती म्हणते, आजवर हे नाक चुकलेलं नाही.

नाश्त्याला तर्री पोहे होते. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओतून खातात. आम्ही कोल्हापूरकर, झणझणीत कटवडे खाऊन मोठे झालेले, म्हणून मी ऐटीत दुसरी पळी घेतली. तोवर वंदनानं विचारलं, वरून सांबार टाकू का? मी म्हटलं, अगं पोह्यांवर सांबार कसलं, इडली आहे का ती? दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागली. तिनं बारीक चिरलेली कोथिंबीर पुढं केली तेव्हा उलगडा झाला, नागपुरात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. त्यानंतर तीन जेवणं मला कोथिंबीर विचारताना अनिलभाऊ मुद्दाम म्हणत होते, "वहिनी, इडलीवालं देऊ की आपलं?"

संध्याकाळी उतरत्या उन्हात आम्ही दोघी मनीषनगरकडे गेलो. वंदनाला मला एक गंमत दाखवायची होती. एका दारूच्या दुकानासमोर तिनं मला उभं केलं, काचेमागच्या बाटल्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, यातल्या आपल्या कोणत्या ते सांग. मी अगदी आत्मविश्वासानं सांगायला लागले. ही आपली, हिचं नाव तर संस्कृतच आहे. वंदना म्हणाली, मालक परदेशी. बरं मग ही, हिच्यावर किल्ल्याचं चित्र आहे. तीही गेली. ही बघ, हिचं नाव इंग्रजी, चित्रही गोऱ्या माणसाचं, ही नक्की बाहेरची. तर ती निघाली शेजारच्या राज्यातल्या दोन भावांची. दहा मिनिटांत माझा पार निकाल लागला. आम्ही इतक्या हसत होतो, की काउंटरवरच्या माणसानं बाहेर येऊन विचारलं, "ताई, काही पाहिजे, की पाहूनच चढली?"

घरी परतताना मी तिला विचारलं, मालक कुठला का असेना, पिणाऱ्याला काय फरक पडतो? मला वाटलं होतं ती भाषण देईल. तिनं एवढंच सांगितलं, की मालक जवळ असला तर त्याला हाक मारता येते. बिअर बिघडली तर लोक तिच्या दारात येऊन सांगतात. एकदा एक गृहस्थ तर सकाळी पेपर वाचत बसलेल्या अनिलभाऊंना येऊन ओरडून गेले होते.

उमरेड रस्ता, शनिवार

उमरेडचा रस्ता मी कधी विसरणार नाही. दोन्ही बाजूंना पळस फुललेला. पान एक नाही, नुसता केशरी भडका, आणि त्याच्यासमोरून कोळशाचे काळे ट्रक एकामागून एक. आमच्याकडे पळस दिसतो, पण एखाददुसरा, पाहुण्यासारखा. इथं तो घरच्यासारखा पसरून बसला होता. मी अनिलभाऊंना चार वेळा गाडी थांबवायला लावली. पाचव्या वेळी ते म्हणाले, वहिनी, पुढंही तोच आहे.

वंदनाचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक उंच शेड. आत चकचकीत स्टीलच्या टाक्या, नळ्या आणि गरम, गोड वास. भाजलेल्या जवाचा. आमच्याकडे आषाढात खीर शिजत असावी तसा. जवाला मोड आणून, भाजून, भरडून गरम पाण्यात भिजवतात, गोड पाणी गाळून घेतात, मग ते उकळताना त्यात हॉप्सची फुलं पडतात. हॉप्स म्हणजे एका वेलाची कडवट फुलं. ती तेवढी बाहेरच्या देशातून येतात, हे वंदनानं स्वतःहून सांगितलं. मी म्हटलं, मग झालं का तुझं स्वदेशी? ती म्हणाली, तुह्या लोणच्यातला हिंग कुठून येते वं? आमचा हिंग काबूलकडून येतो. मी पुढच्या टाकीकडे वळले.

तिच्या बिअरमध्ये नागपूरच्या संत्र्याची साल पडते, उन्हात वाळवलेली, अगदी थोडी. पिंपाला नळ लावून तिनं पहिला पेला माझ्या हातात दिला तेव्हा मला भीती वाटली, की आवडली नाही तर तोंडावर काय आणायचं. मी घोट घेतला. आधी गार, मग जरासं कडू, आणि गिळून झाल्यावर मागाहून संत्र्याचा वास, साल सोलल्यावर बोटांना राहतो तसा. तोंडावर काही आणावं लागलं नाही. मी दुसरा पेला मागितला.

गाळून उरलेला चोथा शेजारच्या गोठ्यातल्या गाईंना जातो. वंदनानं घमेल्यावर पळी वाजवली आणि त्या गाई अशा धावत आल्या, की मी टाकीच्या शिडीवर चढले. अर्धा पेला हातात, पदर खोचलेला, खाली सात-आठ गाई आणि त्यांच्यामागे हसून हसून वाकलेली वंदना. अनिलभाऊंनी तो फोटो काढला आणि आमच्या ह्यांना पाठवला. ह्यांचं उत्तर आलं, जपून.

तिथं बसल्यावर तिनं रविवारची खरी गोष्ट सांगितली. याच रस्त्यावर गजाननभाऊंची बाग आहे. कडुलिंबाच्या झाडांखाली टेबलं टाकलेलं खाणावळीवजा हॉटेल, सावजी जेवणासाठी आणि थंड बिअरसाठी सगळ्या दक्षिण नागपुरात नावाजलेलं. वंदनाची पिंपं सगळ्यात जास्त तिथंच जातात. आता तिच्या जुन्या कंपनीनं गजाननभाऊंना सांगितलं होतं, नवे मोठे फ्रिज देतो, पाट्या देतो, छत्र्या देतो, पण मग नळांवर आणि बाटल्यांत फक्त आमचीच बिअर. नागपूरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर फ्रिज म्हणजे काय, ते मी कोल्हापूरची सांगायला नको. गजाननभाऊंनी दोन्ही बाजूंना सांगितलं होतं, रविवारी दुपारी या. माझी रोजची गिऱ्हाइकं नाव न बघता दोन्ही पितील, आणि मग मी ठरवीन.

"अन् त्यायनं तुले नाही म्हटलं तर?" तिचीच भाषा एव्हाना माझ्या तोंडात बसली होती.

"मग पुढचा महिना काढणं कठीण आहे," ती म्हणाली आणि नळ पुसायला लागली. त्या वेळी खांदे हलले नाहीत.

गजाननभाऊंची बाग, रविवार

पिंप आम्ही गाडीच्या मागच्या सीटवर, लहान मुलाला ठेवावं तसं, उशा लावून ठेवलं. मी त्याला धरून बसले. अनिलभाऊ इतकी सावकाश गाडी चालवत होते, की सायकली पुढं जात होत्या. पण बागेच्या अलीकडे एक ट्रक अंगावर आला, गाडी कडेच्या खड्ड्यात उतरली, आणि पिंप आणि मी दोघं उडून खाली आलो. मला लागलं नाही. पिंपालाही लागलं नसावं, असं मी जाहीर केलं.

गजाननभाऊ गोल चेहऱ्याचे, गळ्यात रुमाल टाकलेले, आवाज झाडांच्या शेंड्यापर्यंत जाणारा. त्यांनी आमचं तोंडभर स्वागत केलं. कंपनीतर्फे टेंभरे नावाचे गृहस्थ आले होते. इस्त्रीचा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. मी त्यांचा राग करायची घरून तयारी करून आले होते, पण तो माणूसही नागपूरचाच, अगदी सभ्य, आणि मला कोल्हापूरच्या अंबाबाईचं दर्शन कधी घेतलं ते सांगायला लागला. रागाला जागाच राहिली नाही.

वंदनानं पिंपाला नळ जोडला आणि उघडला. नळातून बिअर आली नाही. फेस आला. पेला फेस, जग फेस, बादली फेस, आणि मग तोटी निसटली आणि माझ्या नव्या सुती साडीवर फेस. खड्ड्यात घुसळून निघालेलं पिंप होतं ते. टेबलांवरची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. वंदनाचा चेहरा उतरला. तेवढ्यात टेंभरे पुढं आले, नळ बंद केला, गजाननभाऊंकडून बर्फाची पोती मागवली, पिंपाभोवती रचली आणि म्हणाले, आता याले कोणी हात लावू नका, निवू द्या. तोवर सगळ्यांनी जेवून घ्यावं असं ठरलं.

सावजी मटणाचा रस्सा काळा असतो. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेली. आपल्या जिभेला या देशात कुणी घाबरवू शकत नाही असं मला परवापर्यंत वाटायचं. पहिल्या घासाला मी म्हटलं, छान आहे. दुसऱ्या घासाला कान बंद झाले. तिसऱ्याला डोळ्यांतून, नाकातून एकदम धारा. शेजारच्या टेबलावरचे एक निवृत्त मास्तर मला समजावत होते, की ताई, रडू नका, इथं सगळ्यायचंच असं होते. बिअर कुठली का असेना, पण कुणीतरी लवकर द्या, अशी माझी अवस्था झाली. निःपक्ष परीक्षक म्हणतात तशी मी त्या वेळी होते.

मग पेले आले. प्रत्येकापुढं दोन, एकाला लाल दोरा, एकाला पिवळा. कुठल्यात काय ते फक्त गजाननभाऊंना ठाऊक. मंडळी प्यायला लागली, ओठ पुसायला लागली, वाद घालायला लागली. कुणी लाल म्हणे, कुणी पिवळा. मास्तर म्हणाले, मला दोन्ही चालतात, आणखी आणा. हात वर करून मोजणी केली तर पारडं कुठंच झुकेना. गजाननभाऊ माझ्याकडे वळले. म्हणाले, पाहुण्याबाई इतक्या लांबून आल्या, त्यांचं काय म्हणणं आहे?

मी दोन्ही पेले चाखले होते. संत्र्याचा वास शोधायचं मी ठरवलं होतं, पण त्या काळ्या रश्श्यानंतर माझ्या नाकाला संत्रं काय आणि कोळसा काय. म्हणून मी नुसती जीभ काय म्हणते ते ऐकलं. लाल दोऱ्याची बिअर गिळताना काहीतरी ओळखीचं वाटलं. गोड नाही, कडू नाही, मधेच एक नेमकेपणा. वसतिगृहात वंदना स्टोव्हवर चहा करायची त्यात असायचा तसा. मी उभी राहिले. ओल्या साडीनिशी, लाल पेला वर धरून मी सांगितलं, "लाल. ही वंदनाची आहे. हिला तिच्या हाताची चव आहे, मी कुठंही ओळखीन."

गजाननभाऊंनी डोकं खाली घातलं. टेंभरे आपल्या पेल्याकडे बघत राहिले. मग गजाननभाऊ हळूच म्हणाले, लाल कंपनीची आहे.

मला वाटलं, जमीन फाटावी आणि त्या काळ्या रश्श्यासकट मला पोटात घ्यावं. मैत्रिणीच्या बाजूनं बोलायला इतक्या लांब आले आणि भर सभेत तिला हरवलं. मी वंदनाकडे बघायचं टाळत होते. तिनं पुढं येऊन माझ्या हातातला लाल पेला घेतला. एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. नोकरी सोडल्यापासून तिनं ती बिअर प्यायलीच नव्हती, हे मला मागाहून कळलं. आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. आवाज मागून आला, आणि ती हसत होती. इतकी, की तिला बाकावर बसावं लागलं.

"शैला बरोबर बोलून राहिली," ती म्हणाली. "माह्याच हाताची आहे ही."

मग तिनं सांगितलं. जुने मालक असताना त्यांनी तिच्यावर एक नवी बिअर बसवायचं काम सोपवलं होतं. पाऊण वर्ष ती त्यात बुडालेली होती. जव किती भाजायचा, फुलं कधी टाकायची, सगळं तिनं ठरवलं. ती बिअर चालली, कारखाना तिच्यावर उभा राहिला. मग कारखाना विकला गेला तेव्हा टाक्या, जमीन, बाटल्या यांच्याबरोबर ती बिअरही गेली. टेंभऱ्यांनी मान हलवून सांगितलं, की लाल दोऱ्याची म्हणजे कंपनीची या भागातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खपणारी बिअर. ती कुणी बसवली, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

गजाननभाऊंनी गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. "म्हणजे दोन्ही तुमच्याच, ताई. मग यावर तुमचं नाव काहून नाही?"

"नाव मालकाचं असते, भाऊ. बनवणाऱ्याचं नसते."

"अन् पिवळ्यावर?"

"तिच्यावर आहे," वंदना म्हणाली. "तिची मी मालकीण आहे. पण चव आवडली असेल तरच घ्या. माह्यासाठी नका घेऊ."

गजाननभाऊ आत गेले, भांड्यांचा आवाज झाला, कुणावर तरी ओरडले, परत आले. मग टेंभऱ्यांच्या शेजारी बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, की कंपनीच्या बाटल्या त्यांच्याकडे होत्या तशा राहतील, मागणाऱ्याला मिळतील. पण नळ ताईंचे, दोन्ही. टेंभरे म्हणाले, मग फ्रिज मिळणार नाहीत भाऊ, माझ्या हातात नाही ते. गजाननभाऊ म्हणाले, "माहीत आहे मले. माहा फ्रिज जुना आहे, पण त्याच्यात काय ठेवायचं ते कोणाले विचारावं लागत नाही."

टेंभऱ्यांनी आपला कराराचा कागद घडी करून खिशात ठेवला, मग घड्याळाकडे बघितलं, मग रविवार आहे हे आठवून पिवळ्या दोऱ्याचा पेला मागवला. दोन घोट झाल्यावर वंदनाला विचारलं, यात संत्रं आहे का? ती म्हणाली, हो. ते म्हणाले, नागपूरचं? तिनं त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

अनिलभाऊ इतका वेळ चहाचा कप धरून कडुलिंबाला टेकून उभे होते. ते आले, वंदनाचा पिवळा पेला उचलला, वास घेतला, आणि नियमाप्रमाणे म्हणाले, जमली. मग पहिल्यांदाच एक घोट घेतला. तोंड असं वाकडं केलं, की सगळी बाग हसली. वंदना तर पुन्हा बाकावर.

कोल्हापूर

परत आल्यावर एका संध्याकाळी मी ह्यांना घेऊन रंकाळ्याजवळच्या एका ओळखीच्या हॉटेलात गेले. म्हटलं, आज तुम्हालाही शिकवते. वेटर आला, मी बिअर कोणकोणती आहे विचारलं. त्यानं नावं सांगितली. मी म्हटलं, नावं राहू देत, मालक कोण ते सांगा.

वेटर गोंधळला, आत गेला, आणि हॉटेलचे मालक हात जोडत धावत आले. काय चुकलं, वहिनी? भाजीत काही निघालं का? मी समजावून सांगितलं, तुमचं नाही हो, बिअरचं विचारते. त्यांनाही मग उत्सुकता वाटायला लागली. त्यांनी कपाटातून असतील नसतील तेवढ्या बाटल्या टेबलावर आणल्या, चष्मा लावला, आणि आम्ही तिघांनी त्या उलट्यासुलट्या करून बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. कारखान्याचा पत्ता सगळ्यांवर इथलाच. तारीख होती, माप होतं, सूचना होत्या. मालक कुठं बसतो, ते कशावरच लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे दोघं आपली बाटली घेऊन आमच्याकडे वाचायला आले.

शेवटी ह्यांना कंटाळा आला. ते म्हणाले, तहान लागलीय, काहीतरी मागव. मी कोकम सरबत मागवलं. ते हॉटेलमालकांच्या बायकोनं घरी केलेलं होतं, आणि कसं झालंय हे ऐकायला ती स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. एक घोट घेऊन मी तिला ओरडून सांगितलं, साखर जास्त झालीय. ती तिथूनच म्हणाली, उद्या कमी घालते.